हाड

मराठी माणूस कुत्र्याला हाकलतो तेव्हा 'हाड' म्हणतो, आणि कुत्र्याला जे सर्वाधिक प्रिय असते त्यालाही तो 'हाड'च म्हणतो. आम्ही दोघांनी मिळून साठ वर्षांच्या आसपास मराठी शिकवले असेल; पण ही साधी गोष्ट कधी आमच्या ध्यानात आली नव्हती. ती आणून दिली चिंगीने. एके सकाळी फाटकाशी आलेल्या परक्या कुत्र्याला आमच्यापैकी एकाने जोरात 'हाड!' म्हटले, तो कुत्रा होता तिथेच उभा राहिला, आणि परसातून चिंगी मात्र शेपूट हलवत, लाळ गाळत धावत आली. तेव्हापासून आमच्या घरी हा शब्द हाकलण्याच्या कामी निकामी झाला आहे. व्युत्पत्तिकारांनी दोन्ही 'हाडां'चे मूळ वेगळे आहे असे सिद्ध केले तरी चिंगी ते मान्य करील असे वाटत नाही.

तसे पाहिले तर मराठीने हाडाला मोठा मान दिलेला आहे. जातिवंत शिक्षकाला आपण 'हाडाचा शिक्षक' म्हणतो, जन्मभराच्या वैराला 'हाडवैर' म्हणतो, कष्टाला 'हाडाची काडे करणे' म्हणतो. मात्र तेच हाड कुत्र्याच्या तोंडात गेले की त्याचे 'हाडूक' होते. त्या एका प्रत्ययात किती तुच्छता भरलेली आहे! आम्हीही ती तुच्छता बाळगून होतो, आणि तिची किंमत एका मुक्या जिवाने मोजली. हा लेख त्या जिवाच्या आठवणीपायी आहे. साहित्याच्या वाचकांना कच्च्या हाडांविषयी ऐकवणे थोडे विचित्र वाटेल, याची जाणीव आम्हाला आहे. पण पुढे भर्तृहरीही येणार आहे, तेव्हा वाचकांनी धीर धरावा.

आमचे घर दोन परंपरांचे आहे. आम्हा दोघांपैकी एकाचे बालपण कोल्हापुरातले. तिथे रविवारी मटण होणे हा निसर्गनियम होता, आणि जेवणे आटोपली की ताटांतली हाडे वर्तमानपत्रात गोळा करून गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकणे हे घरातल्या धाकट्या मुलाचे काम होते. रश्श्यात तासभर शिजलेली, चोखून झालेली ती हाडे. दुसरीचे बालपण पुण्यातल्या वाड्यातले. तिथे हाड हा शब्द अस्थिविसर्जनाच्या संदर्भातच काय तो उच्चारला जाई. पण कुत्र्याविषयी ममता नव्हती असे नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होते, वैश्वदेवात कुत्र्याच्या नावाने घास निघत असे, आणि दारी आलेल्या कुत्रीला बाळंतपणात दूधपोळी मिळे. दोन्ही घरे स्वतःला श्वानप्रेमी समजत. दोन्ही घरांनी कुत्र्याला जे घातले ते स्वतःच्या ताटाकडे बघून घातले. कुत्र्याच्या तोंडाकडे बघून नव्हे.

२००९च्या पावसाळ्यात महाविद्यालयाच्या सायकलस्टँडवर सापडलेले, दीडेक महिन्याचे एक तांबूस पिल्लू आम्ही घरी आणले. त्याचे नाव टिप्या. पहिले आठ दिवस पुण्याच्या परंपरेप्रमाणे दूधपोळी चालली. टिप्याचे पोट बिघडले ते थांबेना. आईचे दूध सुटत आल्यावर पिल्लांना दुधातली साखर पचवणे हळूहळू अवघड होत जाते, हे आम्हाला नंतर कळले. मग तहाची बोलणी झाली. घरात त्या वेळी आमच्यासोबत आई राहायला आल्या होत्या (पुण्याच्या बाजूच्या), आणि त्यांच्या मोरीत हाड पडणे शक्य नव्हते. तेव्हा असे ठरले की मांस आणायचे, पण हाडाविना. वेगळ्या पातेल्यात, परसातल्या स्टोव्हवर उकडायचे. आणि भातात कालवून घालायचे. कोल्हापूरला वाटले, मांस तर मिळाले. पुण्याला वाटले, हाड तर टळले. आम्ही अत्यंत समाधानी होतो. बिनहाडाचे मटण महाग पडते. त्यामुळे आपण फार मोठा त्याग करतो आहोत असेही वाटत असे.

टिप्या झपाट्याने वाढला. अंगावर तेज आले. साडेपाच महिन्यांचा असताना तो ओट्यावरून अंगणात उतरला. उडी म्हणावी अशीही ती नव्हती, जेमतेम दोन पायऱ्यांची उंची. आणि जो किंचाळला तो आवाज आम्ही आजही विसरलेलो नाही. मागचा पाय मोडला होता. पशुवैद्य तरुण होते. त्यांनी क्ष-किरणाची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हाला वाटले, मोड वाईट असावा. वस्तुतः ते मोडाकडे पाहत नव्हते. ते न मोडलेल्या हाडांकडे पाहत होते. ती फिल्मवर जेमतेम दिसत होती. आजूबाजूच्या मांसापेक्षा किंचित उजळ, इतकीच.

त्यांनी विचारले, "याला हाडं देता का कधी?"

आम्ही जवळजवळ अभिमानाने म्हणालो, "छे छे. एक तुकडासुद्धा नाही."

पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा आमच्या लक्षात राहिले आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम नसल्यातच जमा. पंधरा-वीसास एक असे ते प्रमाण पडते. वाढत्या पिल्लाला हवे असते ते याच्या उलट: कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे जास्तच. रक्तातले कॅल्शियम तर कमी होऊन चालत नाही, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग गळ्यातल्या इवल्याशा ग्रंथी शरीराला हुकूम सोडतात की बाहेरून येत नाही तर आतून काढा. आत कॅल्शियमची कोठी एकच. हाडे. अंगावर मांस चढत असते, केस चकाकत असतात, आणि आतला सांगाडा दिवसेंदिवस पोखरत जातो. थोडक्यात, टिप्याला आम्ही हाडे दिली नव्हती असे नाही. चार महिने तो हाडेच खात होता. स्वतःची.

पाय जुळला, पण वाकडा जुळला. पाठीलाही कमान आली ती गेली नाही. टिप्या २०१८ पर्यंत जगला. आनंदी होता, भुंकायचा, फिरायला यायचा. बसायचा मात्र नेहमी एका कुशीवर, मागचे पाय एका बाजूला काढून, जशा जुन्या बायका पाटावर बसत तसा. पाहुणे म्हणत, किती ऐटीत बसतो! आम्ही काही बोलत नसू.

अपराधाची टोचणी लागली की मास्तर माणूस दुसरे काय करणार, वाचतो. त्या वाचनात एक जुनी हकीकत हाती लागली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे जगत नसत. त्यांना मुडदूस होई. १८८९ साली जॉन ब्लँड-सटन या शल्यवैद्यांना विचारले गेले. छाव्यांना घोड्याचे निर्भेळ मांस मिळे, हाड चावून खाता येत नसे. त्यांनी कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल सुरू करायला सांगितले, आणि काही महिन्यांत छावे बरे झाले. पुढे तीसेक वर्षांनी एडवर्ड मेलनबी यांनी मुडदुसाचे कोडे सोडवले तेही कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून. त्या तेलातल्या घटकाला आपण आता 'ड' जीवनसत्त्व म्हणतो. ते नसेल तर खाल्लेले हाडही अंगी लागत नाही, आणि कुत्र्याची कातडी ते उन्हात आपल्यासारखी पुरेसे बनवू शकत नाही. म्हणजे जगभरच्या मुलांचे वाकडे पाय सरळ होण्यामागे वाकड्या पायांची पिल्ले आहेत. आम्ही हे सारे टिप्याच्या शेजारी बसून वाचले. त्याने अर्थातच काही उपकाराचा आव आणला नाही.

हाडांच्या बाजूचे आणि विरुद्धचे असे दोन संप्रदाय आहेत, हेही तेव्हाच कळले. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांनी १९९३ साली 'गिव्ह युअर डॉग अ बोन' हे पुस्तक लिहिले आणि कच्चे मांस व कच्ची हाडे हाच कुत्र्याचा खरा आहार, असा पंथ उभा राहिला. टॉम लॉन्सडेल यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात तयार खाद्याच्या कारखानदारीवरच हल्ला चढवला. दुसरीकडे अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ साली कच्च्या प्राणिज आहाराला विरोध करणारे धोरण जाहीर केले. दोन्ही बाजूंचे लेखन आम्ही वाचले आणि आम्हाला आमच्याच विषयातली जुनी भांडणे आठवली. हाडवाद्यांचा सारा भर 'लांडगा' या आदिसंहितेवर. मूळ पाठ लांडग्याचा. पुढचे सगळे प्रक्षेप! पण प्रक्षेप म्हणून दहा-पंधरा हजार वर्षे अशी पुसता येत नाहीत. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. कुत्रा हा माणसाच्या उकिरड्यावर, माणसाच्या भाकरतुकड्यावर घडलेला प्राणी आहे. नामदेव महाराज अगदीच चुकले नव्हते. वाड्यातली दूधपोळीही अपुरी होती, चूक नव्हती. मात्र उकिरड्यावर भाकरीच्या तुकड्याबरोबर हाडही असते, हे वाड्यातून दिसत नव्हते.

टिप्या गेल्यावर पुन्हा कुत्रे पाळायचे नाही असे ठरले होते. अशा ठरावांचे होते तेच झाले. २०१९ च्या दिवाळीनंतर रंकाळ्याच्या काठी चिंगी भेटली. दहा आठवड्यांची, काळी, एक कान उभा आणि एक पडलेला. या वेळी आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो आणि मग मटणाच्या दुकानात. डॉक्टर तेच, आता तितकेसे तरुण राहिले नव्हते. त्यांनी हिशेब मांडून दिला: शिजवलेले मांस, भात किंवा भाकरी, अंडे, थोडी भाजी, आणि कॅल्शियमसाठी मऊ, कच्चे, चावून संपेल असे हाड, आठवड्यातून ठरावीक वेळा. वरून पुन्हा कॅल्शियमची पूड घालायची नाही, हेही बजावले. मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम अति झाले तरी सांधे आणि हाडे बिघडतात; हॉलंडमध्ये ग्रेट डेन पिल्लांवर हे तपासून झालेले आहे. चिंगी गावठी आणि मध्यम चणीची, पण माप ते माप.

मटणवाले आम्हाला 'सर' आणि 'मॅडम' म्हणतात. त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात इतक्या थोडक्यात आम्हाला सापडले नाही. ठोकळ्यावर सत्तूर आपटत ते म्हणाले, "सर, कुत्र्याला शिजलेलं हाड देऊ नगा, त्ये काचंवानी फुटतंय. कच्चं चिवट असतंय, दाताखाली मोडतंय. आन् नळी देऊ नगा. मान द्या, छातीचं द्या, शेपटाचं द्या." आमच्यापैकी एकाच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रात गुंडाळलेली रविवारची हाडे उभी राहिली. गल्लीतली किती कुत्री त्या प्रेमाने आतड्यांत टोचून घेऊन मेली असतील, कोण जाणे. कारण अगदी साधे आहे. हाड म्हणजे खनिज आणि कोलॅजेन यांची वीण. खनिजाने कठीणपणा येतो, कोलॅजेनने लवचीकपणा. तासभर उकळले की कोलॅजेनचे जिलेटिन होऊन रश्श्यात उतरते. रस्सा चविष्ट होतो आणि हाड ठिसूळ. रश्श्याची चव आपण घेतलेली असते. राहिलेल्या सुया आपण कुत्र्याला देतो.

बाराव्या आठवड्यात चिंगीला पहिले हाड मिळाले. कोंबडीची मान. तोंडात एकदम मावणार नाही इतकी लांब, म्हणजे न चावता गिळता येऊ नये. आम्ही दोघे दोन बाजूंना पाटावर बसलेलो, जसे काही लेकराचे उष्टावण चालले आहे. तिने आधी हुंगले, मग चाटले, मग पंज्याखाली दाबले. तो पंजा कसा ठेवायचा हे तिला कोणी शिकवले होते? दहा आठवड्यांची असल्यापासून ती दूध प्यायची, भात खायची, ते सारे तोंड खाली घालून. खाण्यात पंजाचे काम पहिल्यांदाच पडत होते. मान वाकडी करून, डोळे अर्धे मिटून, ती गालाच्या दातांनी चावू लागली. कुड् कुड् असा बारीक आवाज. वीस मिनिटे तिने डोके वर केले नाही. आणि त्यानंतर चार तास झोपली. हाडाच्या फायद्यांची यादी करायची तर आमच्या मते या झोपेला त्यात वरचे स्थान द्यावे लागेल. दात येणारे पिल्लू ज्या घरात आहे त्यांना ते पटेल. हाड सुरू होण्याआधी तिने तीन चपला, एक झाडणी आणि महाराष्ट्र शब्दकोशाच्या एका खंडाचा कणा संपवला होता. हाड सुरू झाल्यावर वाङ्मयाकडचे तिचे लक्ष उडाले.

साडेचार महिन्यांची असताना एक दिवस हाडावर रक्त दिसले. आम्ही घाबरलो. टिप्यानंतर आम्ही फार लवकर घाबरतो. तोंड उघडून पाहिले तर काही रुतले नव्हते. पुढचा एक दात नाहीसा झाला होता. कुत्र्याला दुधाचे दात अठ्ठावीस आणि कायमचे बेचाळीस. चौथ्या महिन्यापासून ही अदलाबदल सुरू होते, आणि हाड चावताना हलणारा दात सुटून येतो. तो बरगडीच्या तुकड्यात रुतलेला सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, टोकदार.

त्या क्षणी आम्हा दोघांनाही एकाच वेळी कीर्तनातला दृष्टांत आठवला. कुत्रा सुके हाड चघळतो, त्याचेच टाळू फाटते, त्यातून रक्त येते, आणि तो मूर्ख समजतो की रस हाडातून येतो आहे. तसाच मनुष्य विषयसुखाला भुलतो. हा दृष्टांत आम्ही लहानपणापासून ऐकलेला. आणि हाडाचे कुळ केवळ कीर्तनकारांचे नाही. मज्झिमनिकायातल्या पोतलियसुत्तात कसायाने भुकेल्या कुत्र्यापुढे टाकलेले, मांस तासून काढलेले रक्तमाखले हाड येते, तेही कामसुखाची उपमा म्हणूनच. भर्तृहरीने तर नीतिशतकात हाड चघळणारा कुत्रा दोनदा आणला आहे. वामन पंडितांमुळे तो मराठीतही स्थायिक झाला. एके ठिकाणी निर्मांस हाडावर संतुष्ट होणारा कुत्रा आणि जवळ आलेला कोल्हाही सोडून हत्तीलाच मारणारा सिंह. दुसऱ्या ठिकाणी किडलेले, लाळेने लडबडलेले हाड इतक्या आवडीने खाणारा कुत्रा की शेजारी प्रत्यक्ष इंद्र येऊन उभा राहिला तरी त्याला कशाची पर्वा नाही. तात्पर्य, क्षुद्राला आपल्या वस्तूचे क्षुद्रपण कळत नाही.

आम्ही वर्षानुवर्षे ही तात्पर्ये फळ्यावर लिहिली. चिंगीसमोर पाटावर बसल्यावर मात्र वाटले की या मंडळींनी पाहिले अचूक आणि लावले भलतेच. रक्त खरेच दिसते. पण पिल्लाच्या तोंडातून येते ते दात पालटत असल्यामुळे. हाडात रस नसतो हे तर साफ खोटे. मगज असतो, चरबी असते, कूर्चा असते, आणि ज्याच्या अभावी टिप्याचा पाय दोन पायऱ्यांवर मोडला ते सारे असते. कुत्र्याचा भ्रम झालेला नाही. त्याला हाड कळते, कवीला कळत नाही. उलट सिंहाचे छावेच हाडावाचून पांगळे झाले होते! इंद्राचे निरीक्षण तर इतके बिनचूक आहे की भर्तृहरीने नक्कीच कधीतरी कुत्रे पाळले असावे, असे वाटते. पाच महिन्यांची चिंगी हाड खात असताना आमच्यापैकी एकाचा हात जवळ गेला, आणि घशातून जी गुरगुर आली ती आम्ही तोवर ऐकली नव्हती. आपण हाड ओढून घेऊ लागलो तर गुरगुर वाढत जाते. न ओढता, शेजारी उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकून, ती स्वतःहून उठली की हाड उचलायचे, हे डॉक्टरांनी शिकवले. आता ती आम्हाला पाहून हाड पुढे सरकवते. इंद्राने रिकाम्या हाताने यायला नको होते.

आईंविषयी लिहायचे राहिले. चिंगी आली तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. त्यांनी विरोध केला नाही. टिप्याला बसताना त्यांनीही नऊ वर्षे पाहिले होते. त्यांनी फक्त नियम घातले. हाड घरात यायचे नाही. परसातल्या नळापलीकडे, एका ठरलेल्या फरशीवरच खायचे. तिची परात वेगळी, सुरी वेगळी, फडके वेगळे. खाऊन झाले की फरशी साबणाने धुवायची, उरलेले हाड त्याच दिवशी टाकायचे. ज्याने हाड हाताळले त्याने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, आणि चिंगीने तासभर कुणाचे तोंड चाटायचे नाही. 'हाड' हा शब्द त्या उच्चारत नसत. 'तिचं ते' म्हणत. आम्ही मनात हसलो. हे तर सोवळेओवळेच. मग एक दिवस कच्च्या मांसातील साल्मोनेलासारख्या जंतूंविषयीची पशुवैद्यकीय सूचना वाचायला घेतली. कुत्रा धडधाकट दिसतो, पण विष्ठेवाटे आणि लाळेवाटे जंतू घरभर पसरवू शकतो. वृद्ध, लहान मुले, आजारी माणसे यांना धोका अधिक. शीतकपाटात गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत. आणि खाली खबरदारीचे उपाय. वेगळी भांडी, वेगळी जागा, साबण, हात. आईंची यादी होती, फक्त कारणे बदलली होती. दुधाचा दात सापडला तेव्हा, ज्या आई परसात हाड असताना त्या बाजूला फिरकत नसत, त्यांनी तो कागदात उचलून घेतला, धुतला आणि कौलावर फेकला. आमचे दात फेकले होते तसाच.

त्यांनी घातलेली आणखी एक अट आमच्या वैज्ञानिक अहंकाराला अशीच झोंबली होती: आतले काही द्यायचे नाही. काळीज, फुप्फुस, कलेजी, काही नाही. त्यांना ते बघवत नसे. पण शेळ्यामेंढ्यांच्या याच अवयवांत एका फीतकृमीची पाण्याने भरलेली गळवे असू शकतात; ती कच्ची खाल्ली की कृमी कुत्र्यात वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात तशीच गळवे होतात. जंताचे औषध आम्ही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखांना चुकता देत नाही.

कोंबडीची मान मात्र बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्याची बातमी आली तेव्हा काही महिने थांबवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच रोगाने दगावले. तेव्हा कायमची थांबवली. ज्याला वाघाचे पोट पुरले नाही त्यापुढे चिंगीचे काय! आता कोंबडी शिजवून आणि हाडे काढून. कच्चे हाड असेल ते बोकडाचेच. श्रावणात आमच्या घरी कोल्हापूरकडचेही मटण बंद असते. चिंगीने श्रावण पाळावा की नाही यावर पहिल्या वर्षी गंभीर चर्चा झाली होती. आईंनी निकाल दिला की कुत्र्याला श्रावण नसतो, चातुर्मास नसतो, त्याला फक्त पोट असते. दुकानात गर्दी नसल्यामुळे त्या महिन्यात मटणवाले छातीचे तुकडे निवडून देतात.

दातांविषयी बढाई मारायचा मोह आम्हाला फार दिवस होत असे. तीन वर्षांची झाली तरी चिंगीच्या दातांवर पिवळे कीटण नव्हते, तोंडाला वास नव्हता. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१६ साली आठ बीगल कुत्र्यांना कच्ची हाडे चघळायला देऊन कीटण झपाट्याने कमी होते असे दाखवले होते; ते आम्ही ज्याला त्याला सांगत असू. आणि २०२३ मध्ये, एका सणाच्या दिवशी, मटणवाले गावाला गेलेले, दुसऱ्या दुकानातून आणलेल्या मटणात एक सुरेख नळी आली. आम्हाला 'नळी देऊ नगा' हे आठवत नव्हते असे नाही. पण तिचा आनंद पाहायचा होता. ओझे वाहणाऱ्या पायाचे ते हाड, फार कठीण. टक् असा एक आवाज आला. वरच्या जबड्यातल्या सर्वांत मोठ्या दाढेची बाहेरची कपची, जणू छिन्नीने काढावी तशी, निघून फरशीवर पडली. आतली लाल नस उघडी. कुत्र्यांच्या दंतवैद्यकात ही मोड इतकी नेहमीची आहे की डॉक्टरांनी आमच्याकडे पाहून एकच शब्द उच्चारला: "नळी?" दाढ भूल देऊन काढावी लागली.

त्या संध्याकाळी ती भुलीतून जागी होत असताना तिचे डोके आमच्यापैकी एकाच्या मांडीवर होते. टिप्याला आम्ही हाड न देऊन मोडले आणि चिंगीला देऊन, हा विचार दोघांच्याही मनात होता. बोलून कोणी दाखवला नाही. आई काठी टेकत दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आता बंद करणार का तिचं?"

आम्ही म्हटले, "डॉक्टर म्हणाले, टाके बरे होईपर्यंत मऊ अन्नच. मग बघू."

"बघू नका. नळी बंद करा. मान द्या, शेपटाचं द्या. तो मटणवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. मी ओट्यावरून तुमचं बोलणं ऐकलं होतं." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "दोन प्राध्यापक."

तीन आठवड्यांनी मानेचा तुकडा आणला. चिंगीने तो पंज्याखाली घेतला, सवयीने डाव्या बाजूला नेला, थांबली, जिभेने ती रिकामी जागा चाचपली आणि हाड उजव्या बाजूला फिरवले. आता ती नेहमी उजवीकडूनच चावते. आई अजूनही नळापलीकडे जात नाहीत, पण रविवारी अकरा वाजून गेले आणि आमच्यापैकी कोणी पिशवी घेऊन निघाले नाही, तर आतून आवाज येतो, "तिचं हाड आणलंत का?" आणि तो शब्द ऐकून चिंगी परसातल्या फरशीवर जाऊन बसते, मागचे दोन्ही पाय पोटाखाली सरळ घेऊन.